फोटोत मागे आलेली टाकी

बाबा, तुमच्या स्टुडिओतला तो पडदा परवा अचानक आठवला. निळा डोंगर, त्यावरून पडणारा पांढराफेक धबधबा, खाली तळ्यात दोन हंस. मेहकरातल्या अर्ध्या पोरांचे लहानपणीचे फोटो त्या धबधब्यापुढे काढलेले आहेत, आणि त्यातल्या एकानेही हंस पाहिलेला नव्हता. तुम्हीही नव्हता. पावडर थापलेलं पोर स्टुलावर बसायचं, त्याची आई तुमच्या शेजारी उभी राहून खुळखुळा वाजवायची, आणि मी शाळेतून येऊन काउंटरमागे बसून सगळं बघायचे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी हे पत्र लिहायला बसले आहे तेही एका फोटोपायीच.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच फोटोवरून बोललात. मी नववीत होते. मावशीकडच्या साखरपुड्यात तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, एक काढ. एकच. नवरीचा चेहरा इतका छान दिसत होता की मी लगेच बटण दाबलं. रोल अकोल्याहून धुऊन आला, तेव्हा नवरीच्या डोक्यामागे दोरीवर कोणाचं तरी बनियन वाळत होतं, अगदी मुकुट घातल्यासारखं. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. फोटो काउंटरवर ठेवलात आणि म्हणालात, "पुढचं त कोणालेही दिसते. मांगं काय येऊन राह्यलं ते आंधी पाहत जाय." तो फोटो तुम्ही मावशीला दिला नाही. खणात ठेवलात, आणि मी जरा शहाणपणा करायला लागले की खण उघडायचात. मला त्या खणाची फार चीड यायची.

आता मी अमडापूरच्या पुढच्या एका गावात शिकवते. दोन शिक्षकांची शाळा, तेवीस मुलं. पहिली-दुसरी माझ्याकडे. गेल्या दिवाळीनंतर मी वर्गात सहज विचारलं की आज येताना कोणता पक्षी पाहिला, तर पहिलीतल्या एकाने पेंग्विन सांगितला, आणि तेही छातीठोकपणे. बाकीच्यांना त्यात वावगं वाटलं नाही. ही पोरं वावरातून चालत शाळेत येतात, बाबा, आणि डोळे मात्र मोबाइलमध्ये राहिलेले असतात. आधी मला राग आला. मग वाटलं, मोबाइलनेच नेलेत ना डोळे, तर मोबाइलनेच आणू. माझा फोन घेऊन आम्ही रोज शाळेमागच्या पडीक जमिनीवर जायला लागलो. नियम तुमचाच ठेवला. रोज एका मुलाची पाळी, आणि फोटो एकच. तो पुसायचा नाही, दुसरा काढायचा नाही.

पहिले आठ दिवस नुसती भांडणं झाली. मग हळूहळू ज्याची पाळी असेल तो आदल्या दिवसापासून शोधायला लागला. मुंग्यांची रांग, सरड्याची कात, पळसाच्या फुलात डोकं घातलेली मैना. एकच फोटो मिळणार म्हणून पोरं आधी खूप वेळ नुसतं बघायची, आणि मला हवं होतं ते एवढंच. पेंग्विनवाला सकाळी दारातच मला अडवून सांगायला लागला की आज दयाळ दिसला, शेपूट वर केलेला. मी मनात म्हणायचे, बाबा असते तर आज खूश झाले असते.

मार्चच्या शेवटी दुसरीतल्या एका मुलीला टिटवीची अंडी सापडली. ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. आईवडील पुण्याला कंपनीत कामाला आहेत, ती आजोबांजवळ राहते, आणि आईवडील तिला रविवारी फोनवर दिसतात. तिची एकच खुबी, ती हलत नाही. टिटवी डोक्यावर ओरडून ओरडून थकली, आणि ही तिथेच उभी राहिलेली बघून शेवटी खाली येऊन बसली. मुरमातल्या खळग्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली. मी दहा पावलांवर एक दगड ठेवला आणि त्याच्यापुढे कोणी जायचं नाही असं सांगितलं. एकही पोर गेलं नाही. रोजचा फोटो आता त्या दगडाजवळूनच निघायचा, आणि पिल्लं निघायला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात म्हणून फळ्यावर आम्ही दिवस मोजायला लागलो. पिल्लं निघाली की त्याच दिवशी चालायला लागतात, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. आई ओरडली की ती जमिनीला चिकटतात, आणि मग समोर असूनही दिसत नाहीत. दिसत नाहीत, पण असतात. हे वाक्य पोरांना इतकं आवडलं की ती ते येता-जाता म्हणायची.

सतरावा दिवस शनिवार होता, आणि पाळी त्या मुलीची होती. तिने अर्धा तास वाट पाहिली. टिटवी अंड्यांवर उभी राहून, एक पंख जरासा उघडून सावली धरत होती. पिवळे पाय, डोळ्यापुढचा लाल ठिपका, पंखाखाली चारही अंडी. बाबा, तुम्ही तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला असता. माझे हात शिवशिवले. मी घरी पोचायच्या आधीच, बसमध्ये, तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या दुसरीतल्या मुलीने काढलेला फोटो, असं वर लिहिलं. लिहिताना अभिमान तिचा होता की माझा, हे आता मला नक्की सांगता येत नाही. फुलं आली, जोडलेले हात आले. संध्याकाळपर्यंत फोटो गावाच्या ग्रुपवर गेला होता. मी तो चार-पाच वेळा मोठा करून पाहिला, टिटवीच्या डोळ्यापर्यंत गेले. तिच्या मागे शाळेची निळी पाण्याची टाकी आणि दोन फाट्यांचा पळस स्वच्छ आला होता, आणि तेवढंच मला दिसलं नाही.

आपल्याकडे टिटवीची अंडी लोक कशासाठी बघतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. चार असली तर चार महिने पाऊस, उंचवट्यावर असली तर भरपूर, टोकं खाली असली तर आणखी चांगलं. एप्रिल महिना, सगळ्यांच्या मनात एकच विषय, आणि मी जागेसकट फोटो पाठवून दिलेला. रविवारी माणसं गेली. वाईट हेतूने कोणीच गेलं नाही.

सोमवारी मी सकाळच्या शाळेच्या आधी पोचले. मुरमावर गाड्यांची चाकं उमटली होती, माझा दगड कोणीतरी बसायला घेतला होता. खळगा होता. अंडी नव्हती. टिटवीचा आवाजही नव्हता, आणि तो नाही हे मला सगळ्यात आधी कळलं होतं, फाटकाशीच. कुत्र्याने नेली, कावळ्याने नेली की कोणी पोराने उचलली, काही कळायला मार्ग नव्हता.

हातपंपाजवळ त्या मुलीचे आजोबा भेटले. आपणहून थांबले, हात जोडले. नातीने फोटो काढला म्हणून त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. ते म्हणाले, "मॅडम, चारही अंडे मी हातात घेऊन पाह्यले. पाऊस चांगला हाय औंदा. जशेच्या तशे ठेवून देल्ले बरं." अंडी आता तिथे नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. रागवायला माणूस तरी हवा ना समोर. समोर होता तो म्हातारा आनंदात होता, आणि त्याला तिथे पाठवणारी मीच होते.

सात वाजता पोरं रांगेत उभी राहिली आणि मागे पळत सुटली. खळगा बघून सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हणाले, पिल्लं निघाली, गेली चालत. बाबा, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. फळ्यावरचे दिवस पुरे झाले नव्हते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पोरांनी इतका जल्लोष केला की दुसऱ्या वर्गाचे सर बाहेर आले. पेंग्विनवाला तर जमिनीवर पालथा पडून पिल्लू कसं चिकटतं ते दाखवायला लागला. ती मुलगी तेवढी आली नाही नाचायला. तिने माझ्याकडे फोन मागितला. त्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती, पण मी दिला. दगड हलला होता तरी तिला जागा पाठ होती. तिथे उभी राहून तिने रिकाम्या जमिनीचा फोटो काढला, खूप वेळ बघून, मागचं-पुढचं नीट पाहून. टाकी त्यात कुठेही नाही.

मग ती माझ्याजवळ आली आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. एका खड्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे एक. दिसत नाही, पण हाय." मी हो म्हणाले.

सुट्टी लागेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत ती फोन मागायची. दुसरं सापडलं, मग तिसरं. बाकीची पोरंही भोवती जमायची आणि त्यांनाही दिसायची. शेवटच्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, फोटो मिटवू नका. चौथं राह्यलं हाय." मी तिला खरं सांगणार होते. रोज ठरवायचे. पण खरं सांगितलं असतं तर मला माझ्यावरच थांबता आलं नसतं, तिच्या आजोबांपर्यंत जावं लागलं असतं, आणि त्या घरात ती दोघंच राहतात. हे कारण खरं आहे. पण ते मला सोयीचंही आहे.

तुम्ही असता तर काही न बोलता खण उघडला असता. आता खणही नाही. हे पत्र मी तुमच्या कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत ठेवून देते, पट्ट्याखाली.

एक राहिलंच. आज दुपारी तो फोटो मीही मोठा करून पाहिला, बाबा. तिने दाखवलेली तिन्ही मला दिसली. चौथं सापडेना, म्हणून मी चहा गार होईपर्यंत शोधत बसले होते.