पांढऱ्या कव्हरची रेकॉर्ड

अमरावती
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

प्रिय चारू,

रविवारी, १८ जानेवारीला, दुपारी सव्वाचार वाजता तू माझ्या घरी येऊन कपाटाच्या खालच्या खणातल्या सगळ्या रेकॉर्ड्स पिशव्यांत भरल्यास आणि अकोल्याला घेऊन गेलीस. वेळ अंदाजानं लिहीत नाही, आज माणिकबाईनं सांगितली. सव्वाचारला माणिकबाई काम आटपून निघते, तिनं चपला घातल्या आणि तू दारात उभी राहिलीस. मी पेन्शनरांच्या सभेला गेले होते, पाचला परत आले. तेवढा वेळ बसून एक कप चहा घेतला असतास तर तुझी गाडी चुकली नसती. पुढे वाचण्याआधी एक काम कर. ऊठ, स्वयंपाकघरात जा आणि ओव्हनचं बटण बंद कर. खरंच जा. पत्र कुठे पळून जात नाही.

काल संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तुझा फोटो आला. काळ्या वाट्या, त्यांच्या कडांना सोनेरी रंग, आरसे, मधोमध कुंदन. खाली तू लिहिलंस, ‘या वर्षीचं वाण, रथसप्तमीला या सगळ्याजणी!’ आणि मामाच्या गीतांजलीनं त्यावर हात जोडलेले आणि फुलं टाकली. मी आधी कौतुकच केलं मनात. मग फोटो मोठा करून बघितला. एका वाटीच्या बुडाशी लाल कागद होता, त्यावर अर्धवट अक्षरं. सिनेमाच्या माझ्या फुटक्या रेकॉर्ड्सपैकी ती एक, ओव्हनमध्ये मऊ करून वाटीसारखी वळवलेली. तेव्हा मी कपाटाकडे धावले. खालचा खण मोकळा. तिथल्या धुळीत माझ्या बोटांचे ठसे उमटले, एवढंच.

हो, तुला मीच म्हणाले होते. दिवाळीत म्हणाले होते की खालच्या खणात चिरा गेलेल्या सिनेमाच्या रेकॉर्ड्स आहेत, वाणासाठी काही करणार असशील तर ने. ते मी नाकारत नाही. काल फोनवर तू तेच तीनदा ऐकवलंस, ‘ताई, तूच तं म्हनली होती घेऊन जा म्हून, आता कावून ओरडून राहिली?’ पण मी म्हणाले होते चिरा गेलेल्या. तू एक एक उजेडात धरून पाहिलीस का? पांढऱ्या कव्हरची एक होती का, असं मी विचारलं तर म्हणालीस, ‘कव्हरं तं मी रद्दीत टाकली.’ आणि मी पुढे काही बोलायच्या आत जमुनाबाईंनी तुझ्या हातातून फोन घेतला. तुझ्या सासूबाई वयानं मोठ्या आहेत, म्हणून ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘एवढ्या काळ्या तव्याइचं काय लोणचं घालता का बाई? आमच्या चारूनं कामाले तरी लावले.’ त्यानंतर तुझा फोन बंद. सकाळपासून अकरा वेळा लावला. म्हणून हे पत्र. गीतांजली उद्या सकाळी तिच्या आईला भेटायला अकोल्याला येतेय, ती तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात दे, असं मी तिला बजावलंय.

आता तू विचारशील, एवढी मोलाची होती तर ती भंगारात कशी? विचारच. डिसेंबरात मुंबईहून एक व्यापारी आला होता, ‘मॅडम, फक्त बघतो’ म्हणत. असे लोक वरचे खण बघतात. नाव असलेली, फोटो असलेली कव्हरं बघतात. लता-रफीच्या फुटक्या तबकड्यांना ते हातसुद्धा लावत नाहीत. रेकॉर्ड्स जमवणारा कुणीही हेच करतो, सगळ्यात जपायची वस्तू कचऱ्यात लपवतो. तो माणूस चहा पिऊन गेला, त्याला ती दिसली नाही. चाळीस वर्षं बाजारात मुरलेल्याच्या डोळ्यांना जी सापडली नाही, ती माझ्या सख्ख्या बहिणीनं अर्ध्या तासात शोधून काढली. शाबास.

तुला हे संगीत कधी आवडलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्री जॅझ म्हणजे भांडी पडल्याचा आवाज, हे आपल्या घरातलं जुनंच मत. बाबा कोर्टातून आले की कोट काढता काढता ओरडायचे, ‘अनू, बंद कर ते! शेजारच्याइले वाटन वकिलाच्या घरी भांडनं लागले.’ मला ते वेड कॉन्व्हेंटात लागलं. आमच्या बेल्जियमच्या सिस्टर मराठी शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी मारायच्या, आणि शनिवारी प्रार्थनेनंतर त्यांच्या भावानं पाठवलेल्या रेकॉर्ड्स लावायच्या. चौघं एकदमच वाजवतात, कुणी कुणाच्या मागे जात नाही, ठेका ठरलेला नाही, आणि तरी कुठेतरी चौघं एका श्वासात थांबतात. मला वाटायचं, घरात माणसं अशीच बोलतात. पुढे मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आयुष्य गेलं आणि पगारातून उरलेलं सगळं या रेकॉर्ड्सवर. तुझ्या लग्नात मी दिलेली साडी सोडून, म्हणून टाक.

या रेकॉर्ड्स पन्नास-शंभरच छापलेल्या असतात. वाजवणारे म्हातारे होतात, मरतात, मूळ टेपा पुरात जातात किंवा कुणीतरी त्यावर भजनं भरतं. मग जगभरातले माझ्यासारखे वेडे एकमेकांना पत्रं लिहितात, अमुक एक पुन्हा छापून येणार का हो? वीस वर्षं वाट बघितल्यावर एखादी येते. मी तोक्योच्या एका दंतवैद्याला आणि वॉर्सातल्या एका विधवेला ओळखते, दोघंही हेच करतात. पांढऱ्या कव्हरच्या रेकॉर्डबद्दल मी तीस वर्षं लिहीत होते. मुंबईत चौघांनी एका रविवारी शाळेच्या रिकाम्या सभागृहात वाजवलेलं, स्वतःच्या खर्चानं छापलेलं. कव्हरला पैसे उरले नाहीत म्हणून पांढरा पुठ्ठा. मधल्या कागदावर नाव नाही, निळ्या शाईत फक्त ‘१’ आणि ‘२’. सॅक्सोफोनवर गोव्याचा एक जण आहे. आणि ड्रम वाजवणारा दुसऱ्या बाजूला मध्येच काठ्या ठेवून डफ उचलतो, आणि तो ठेका आपल्या वऱ्हाडातल्या दंडारीच्या नाचाचा आहे, चारू. मुंबईच्या माणसाला तो सुचणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात बेल्जियमहून उत्तर आलं. तिथला एक छोटा प्रकाशक ती पुन्हा छापायला तयार आहे. टेप मुंबईच्या पावसात गेली. तीनच प्रती ठाऊक आहेत. तोक्योची इतकी वाजवलेली आहे की तिच्यावर आता फक्त खरखर उरलीय, दुसरी वाकलेली. माझी स्वच्छ. मी ती वर्षातून एकदाच लावते, कारण सुई जितक्या वेळा फिरते तितकी खाच झिजते. तुझा ईशान मला म्हणाला होता, ‘मावशी, मोबाइलमध्ये भरून ठेव ना.’ मोबाइलमध्ये भरलेला आवाज म्हणजे वाळलेली संत्री. शनिवारी संध्याकाळी मुंबईहून एक माणूस आवाज उतरवून घेण्याचं आपलं यंत्र घेऊन येतोय, खास तिच्यासाठी. रविवारी दुपारी तो परत जाणार, आणि प्रकाशकाची छपाईची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. ती गेली की पुढच्या वर्षी बघू म्हणालाय. अशी पुढची वर्षं मी खूप बघितली आहेत. ती येत नाहीत.

तेव्हा आता नीट वाच. ज्या अजून सपाट आहेत त्या सगळ्या उजेडात घे. ज्याच्या मधल्या कागदावर छापील एक अक्षरही नाही, ती बाजूला काढ. कडांनी धर, मध्ये बोट लावू नकोस, पुसू तर मुळीच नकोस. दोन उशांच्या अभ्र्यांत घाल आणि जमुनाबाईंच्या देवघरात उभी ठेव, तिथे कुणी हात लावत नाही. सपाटांत सापडली नाही तर वाट्यांच्या बुडाशी बघ. ज्या वाटीच्या बुडाला तू कुंदन चिकटवला असशील, तिचा कुंदन खरवडून बघ. मला ठाऊक आहे, तू म्हणशील, एका रेकॉर्डसाठी ताई मला चोर ठरवते. चोर मी तुला म्हटलेलं नाही. घाईची म्हटलं. तू लहानपणापासून घाईची आहेस, पत्राचा शेवट आधी वाचतेस. म्हणून हे शेवटी लिहितेय. फोनवर त्याचं नाव काढलं असतं तर तू फोन ठेवला असतास, नेहमी ठेवतेस.

ड्रमवर दादा आहे. आपला कमलाकांतदादा. त्यानं रेकॉर्ड काढली होती हे तुला ठाऊक आहे, तीच ही. मी तुला तीनदा म्हणाले, एकदा दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐक, आणि तीनही वेळा तू उठून गेलीस, कारण येतो म्हणूनही त्या दिवाळीला तो आला नाही, पुढच्या उन्हाळ्यात काविळीनं गेला, त्याच्यामागे आई गेली, आणि आठ वर्षांच्या चारूनं ते सगळं त्याच्या नावावर लिहून ठेवलं. मी तोंडानं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई बनवून सांगते. म्हणून वाट बघत होते, तू आपल्या कानांनी ऐकशील म्हणून. वाजवणं संपल्यावर टेप तशीच चालू राहिलीय. खुर्ची सरकते, गोव्याचा तो इंग्रजीत विचारतो, अजून एक घेऊ या? आणि दादा दमलेल्या आवाजात, त्यांच्यातल्या कुणालाही न कळणाऱ्या आपल्या भाषेत म्हणतो, ‘नाई गा, आता बास. मले दिवाळीले घरी जाचं हाय, चारूले सांगून ठेवलं हाय.’ मग तिघं हसतात आणि खाच संपते. तो का आला नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण विसरला नव्हता. त्याचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. आता प्रकाशक विचारतोय की शेवटचं बोलणं ठेवायचं की कापायचं. ते मी एकटी ठरवणार नाही, नाव तुझं घेतलंय. रेकॉर्ड सपाट असेल तर ती घेऊन शनिवारी संध्याकाळी तू स्वतः ये, यंत्रवाल्याच्या शेजारी बस आणि ऐकून मला सांग. आणि तिची वाटी झाली असेल, तर ती रथसप्तमीला कुणाच्या ओटीत घालू नकोस. तिच्यात तीळसुद्धा ठेवू नकोस. ती तुझ्या घरी राहू दे. मी एक शब्द बोलणार नाही. मात्र सपाट की वाटी, हे मला तुझ्या हातचं, कागदावर लिहिलेलं हवंय. फोन नको, ईशानचा निरोप नको, जमुनाबाई तर नकोतच. गीतांजली शनिवारी, २४ तारखेला, दुपारी बारा वाजता तुझ्या दाराशी येईल. त्याआधी लिहून तयार ठेव.

तुझीच,
अनुताई