न वाजलेली घंटा

प्रिय सुजीत,

तुझा फोन इथेच राहिला, म्हणून हा कागद. मेहुल तुझ्याच प्लांटवर जातो, त्याच्या हाती देतेय.

सरावलीत सगळं आहे तसंच आहे. शिफ्टची बस येते, मी चढते, पॅकिंगला बसते, परत येते. शेजारच्या साखरबाई म्हणतात, एकदा रडून घे. मी भांडी घासते.

फोनवरून आपण किती भांडायचो. माझा दादाचा जुना आयफोन, तुझा नवा अँड्रॉइड. गाड्यांच्या वेळेचं ॲप तुझ्याकडे चटकन उघडायचं, माझ्याकडे फिरतच राहायचं. फोटोचं ॲप माझ्याकडे छान चालायचं, तुझ्याकडे मध्येच बंद पडायचं. आपली स्वरा पंच, लेकीचा निकाल नेहमी बापाच्या बाजूने. तिला मधुमेह निघाला, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आला, तेव्हा त्याचं ॲप दोघांनीही घेतलं. साखर उतरली की घंटा वाजणार. चिन्ह तेच, रंग तेच. दोन्हीकडे सारखंच चालेल असं आपण धरून चाललो.

ती गेली त्या दुपारी माझा फोन कंपनीच्या गेटवर जमा होता. तू रात्रपाळी करून तिच्या शेजारी झोपला होतास, फोन उशाशी. घंटा ऐकलीच नाही, असं तू म्हणालास. मी सगळ्यांसमोर म्हटलं, वाजली असणार, तूच बंद करून झोपलास. तेराव्यानंतर पिशवी उचलून गेलास.

मागच्या आठवड्यात कपाटात तिचा एक न वापरलेला सेन्सर सापडला. तो मी माझ्या दंडाला लावला, दोन्ही फोन जोडले. साखर किती उतरली की घंटा वाजेल तो आकडा वर चढवून ठेवला आणि जेवले नाही. साखर त्याखाली उतरली की माझा फोन वाजायचा. तुझा गप्प. ॲप उघडं धरून बसले तर वाजायचा. पडदा काळा झाला की थोड्या वेळाने ॲप आपोआप मिटायचं. पाच दिवस हेच. तुझ्या फोनचा आवाज पूर्ण होता, सेटिंगही बरोबर होती. ॲपखाली आणखी लोकांनी हीच तक्रार लिहिलेली आहे.

सुजीत, तू काही बंद केलं नव्हतंस. घंटा वाजलीच नव्हती. मी बोलले ते खोटं होतं. रविवारी सातपाटीला जाऊन हे तुझ्या घरच्या सगळ्यांसमोर सांगितलं. आय मासळी वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमाला काय सांगतेस? माज्या पोराला सांगितलंस काय?"

नव्हतं सांगितलं. आता सांगतेय.

तुझीच,
प्रियंका