हिरव्या कागदाचे प्रायश्चित्त

कोथरूड, पुणे

तीर्थस्वरूप जयाताईस,
अनिरुद्धाचे साष्टांग दंडवत. प्रकृती उत्तम आहे. रक्तदाबाची गोळी बहुधा स्मरणात राहते. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझ्या या प्रकांडपंडित बंधूने सहावीच्या वर्गात एक महान प्रयोग आरंभिला. प्रत्येकाची गती निराळी, म्हणून अपूर्णांकांचे तीन संच काढले आणि सोप्या संचासाठी हिरवा कागद योजला. वर्गाने पाच मिनिटांत भाष्य केले, "हिरवा म्हणजे ढ!" हिरवा कागद मिळालेली नम्रता दोन दिवस शाळेतच आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी क्षमायाचनेसाठी तिच्या घरी गेलो. आई शिवणयंत्रावर होती आणि नम्रता कापड मोजत होती. "सर, पाऊण मीटरचे चार ब्लाउज म्हणजे तीन मीटर," ती सहज म्हणाली. हेच गणित तिने हिरव्या कागदावर कोरे सोडले होते! क्षमा मागून हा पंडित नवा धडा घेऊन परतला.

तू मला पाढे शेंगदाण्यांवर शिकवलेस. उत्तरे मी खाऊन टाकली, म्हणून अध्यापनशास्त्र उशिरा उमगले.

आता सर्व कागद पांढरे आहेत. नम्रताची गणिते तेवढी कापडाची. आज ती आली, कागद पाहिला, पण दप्तर उघडेना.

"सर, वेगळी गणिते मला एकटीलाच?"

"छे! शंभूला क्रिकेटची. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या आवडीची."

"मग चालेल," असे म्हणून तिने पेन्सिल काढली.

भाऊजींस नमस्कार.

तुझा अल्पमती, परंतु सुधारणाक्षम बंधू,
अनिरुद्ध