पांढऱ्या रंगाची न उघडलेली ट्यूब

प्रिय वन्सं,

सकाळची भांडी घासून झाली होती, चादरी दोरीवर पडल्या होत्या आणि मी हे गेल्यापासून कपाटावर ठेवलेलं ते लिलीचं चित्र खाली काढलं. (थांबा, आधी नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे तुमच्यापेक्षा बरे आहेत, हे मुद्दाम कळवते.) तुम्ही लिहिलंत, फूल तुमच्या कुंडीतलं, म्हणून भावाने काढलेलं चित्रही तुमचंच. म्हटलं, पाठवण्याआधी काच तरी पुसावी.

काच काढून बघते तर पाकळ्यांना रंगच नाही! ह्यांची अर्धवट कामं तुम्हाला ठाऊकच आहेत. (न्हाणीघरातला नळ अजून अर्धाच बंद होतो.) रंगांच्या डब्यात पांढरी ट्यूब सापडली, बूचसुद्धा न उघडलेली. विसरले असतील बिचारे! नणंदेला अपुरी वस्तू कशी धाडायची, म्हणून मीच ब्रश भिजवला आणि एका पाकळीवर रंग लावला. लिलीला गिलावा केल्यासारखं दिसायला लागलं.

तशीच फ्रेमवाल्याकडे धावले. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "काकू, इथे चुना कोणी लावला?"

"पाहुणे येऊन गेले घरी," मी म्हटलं. (तुमचं नाव घेतलं नाही.)

"अहो, जलरंगात पांढरं रंगवत नाहीत, कागद कोरा सोडतात. हात आवरायला फार धीर लागतो."

मग मी प्रथमच नीट पाहिलं. कडेला श्वासाइतकी फिकट करडी सावली, देठाशी ओला पसरलेला हिरवा आणि मध्ये काहीच नाही. त्या काहीच नसण्यातून अख्खं फूल वर आलेलं. तुमचा भाऊ बोलायचाही असाच. तीस वर्षं मला वाटायचं, ह्यांचं बोलायचं राहून जातं. राहत नव्हतं, ते जागा सोडत होते. दुकानातच डोळे भरून आले. फ्रेमवाला इतका गडबडला की त्याने मला स्वतःचा चहा दिला आणि काच फुकट पुसून दिली.

असो. चित्र जपून बांधून ठेवलं आहे, पाठवतेच.

तुमची वहिनी

ता. क. बांधलेलं नाही. माझा चुना लागलेलं चित्र तुम्हाला कसं देऊ? आता ते आम्हा दोघांचं झालंय. माझ्याकडेच राहू द्या ना. बघायला तुम्हीच या, चांगल्या महिनाभर राहा.

आणखी एक. काल हे पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं. आज मी ह्यांच्या खुर्चीसमोर खिळा ठोकला, चित्र लावलं आणि त्या खुर्चीत बसले.