माय नाव घेत नाही

४ जून १९९६
कालची फेरी फुकट गेली. सुरत ते खान्देशातला आमचा तालुका, सात तास एस.टी., आणि खिडकीत बसलेला कारकून म्हणतो, "आप्पा हे काय नाव झालं का हो?" बरोबरच बोलला मेला, म्हणून जास्त चिडलो.
आमच्या पोरीला, वर्षाला, धुळ्याला डी.एड. मिळतंय. फक्त जातीचा दाखला हवा, १५ जुलैच्या आत. सुरतवाले म्हणतात, तमे तो महाराष्ट्रना, त्यांथी लावो, म्हणजे तिकडूनच आणा. तिकडचे म्हणतात, पोर सुरतेची, मग बाप-आजाचा पुरावा आणा. म्हणून दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शाळेचा दाखला ट्रंकेतून काढून नेला होता. त्यात बापाच्या नावाच्या रकान्यात काय? "आप्पा". मास्तरने विचारलं असणार, बापाचं नाव काय रे? सहा वर्षांच्या दादांनी घरात ऐकलं ते ठोकून दिलं. झालं! सत्तर वर्षांनी आम्ही निस्तरतोय.
गावच्या जन्माच्या जुन्या रजिस्टरात पोराचं नावच नसतं. बापाचं नाव, आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी". म्हणजे आजोबांचं खरं नाव कळल्याशिवाय दादांची नोंद शोधायची कशी?

६ जून
अर्धी रजा. ट्रंक पुन्हा उपसली. रेशनकार्डावर दादा "पंडितभाई आप्पाभाई" आहेत. आजोबांनी जन्मात सुरत पाहिली नाही, पण सरकारने त्यांना गुजराती करून टाकलं.
गावी चुलतभावाला फोन लावला. एसटीडी बूथवाला मीटरकडे बघतोय आणि हा तिकडून, "आप्पाच म्हणायचे भाऊ, सगळा गाव आप्पाच म्हणे." अरे पण नाव? "तेच ना, आप्पा." ठेवला फोन.
दादा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना एकदा विचारलं असतं तर? पण जिवंतपणी कोण विचारतं.

९ जून, रविवार
आणि गंमत अशी की नाव माहीत असलेलं माणूस आमच्याच घरात, माझ्यासमोर बसून लसूण सोलत होतं.
"माय, आप्पांचं खरं नाव तुला ठाऊक आहे?"
"से ना ठाऊक. सासरा व्हता ना मना."
"मग सांग."
"मी नाव लेवाव नही."
डोकं आपटावं की काय! सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. कबूल. पण सासरा जाऊन साठ वर्षं झाली. "आता कोणाचं आयुष्य कमी होणार आहे?" म्हटलं, तर लसणाचं ताट घेऊन उठून गेली. लिहून दे म्हणावं तर अक्षर येत नाही.

११ जून
आज युक्ती केली. खान्देशातली जुनी नावं कागदावर काढली आणि एकेक वाचत गेलो. उखा? दगा? बुधा? झिपरू? तिने फक्त मान हलवायची. महादूला म्हणाली, "तो तुना मामा." पुढे वाचायच्या आत कानावर पदर ओढून गॅलरीत जाऊन बसली. मी ओरडलो. नको होतं ओरडायला.
वर्षा रडली. म्हणाली, "आजीला माझ्यापेक्षा मेलेला सासरा मोठा." माय दारातच होती. ऐकलं तिने. जेवली नाही.

१९ जून
लागलं! आणि लागलं कोणामुळे, तर सुमनमुळे. बावीस वर्षं झाली लग्नाला, बायकोला मी आज पहिल्यांदा हुशार म्हटलं. (तिला नाही, इथे.)
मी मिलमधून आलो. गल्लीत चिंधीवाला ओरडत होता. इथे उधन्यात चिंधीला काय तोटा, लूमची, मिलची, पोत्याने मिळते, माय त्याच्याच गोधड्या शिवते. तिने आतून सांगितलं, "सुमन, त्या फाडेलवालाले थांबाड." फाडेल म्हणजे फाटलेलं. मी लहानपणापासून ऐकतोय, मला वाटायचं आमच्या अहिराणीत चिंधीला फाडेलच म्हणतात.
सुमन चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, अख्खी गल्ली चिंधी म्हणते. तुमच्याच गावच्या बायकासुद्धा. एकट्या आईच म्हणत नाहीत. मी इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही."
म्हणजे सासऱ्याच्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा माय टाळते. चिंधा! पोरं जगेनात की दृष्ट लागू नये म्हणून असलं नाव ठेवायचे. आमच्या गावात दर चौथ्या घरात एक चिंधा. आणि मी कागदावर दुनियेची नावं लिहिली, हेच सोडून. गाढव कुठला.

२० जून
मायला म्हटलं, "तू काही बोलू नको. मी बोलतो. चिंधा?"
तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उत्तर मिळालं.
मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, बहुतेक दादांनाही नसावं. लग्न होऊन महिना झालेला, वय तेरा. दिव्याला वात करायची म्हणून नणंदेकडे तिने चिंधी मागितली. सवयच नव्हती अजून. सासू समोर. सासूने काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. आठ दिवसांत आप्पा तापाने गेले.
"मी खादं त्यासले," म्हणाली. मीच खाल्लं त्यांना.
साठ वर्षं ही बाई हे घेऊन बसली आहे आणि मी तिच्यावर कागद नाचवत होतो. ताप होता गं माय, म्हटलं. तिने ऐकलंसं वाटलं नाही. फार वाईट वाटलं.

२७ जून
पुन्हा तालुका. वर्षा बरोबर. नोंद सापडली! "चिंधा गोबा. मुलगा." साल जुळतं, जात लिहिलेली, सगळं स्वच्छ. वर्षाने त्या ओळीवरून बोट फिरवलं तर कारकून खेकसला.
आणि मग तोच कारकून: "शाळेच्या दाखल्यात आप्पा, इथे चिंधा. दोघे एकच हे कोण म्हणतं?" मी म्हणतो. "तुम्ही पाहिलं होतं का त्यांना?" नाही. "मग पाहिलेलं वडीलधारं माणूस आणा. साहेबांसमोर तोंडाने नाव सांगायला लागेल. आठ तारखेला बसतात."
म्हटलं, आई आहे, पण ती नाव घेत नाही, मी विचारतो, ती मान हलवेल. हसला. "मानेचा जबाब लिहिता येत नाही." यांना आया नाहीत का?

१ जुलै
घरी सांगून टाकलं. मायला म्हटलं, तुझ्यावर जबरदस्ती नाही. वर्षाला म्हटलं, इथे काहीतरी बघू, पांडेसऱ्यात एका ऑफिसात टायपिंगची जागा आहे. वर्षा "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" ऐकवेना. सुमन दोघींना वाढत होती आणि माझ्याकडे रागाने बघत होती. माझं काय चुकलं, हे कोणीतरी सांगा.

५ जुलै
मायने विचारलं, "मोटर कितला वाजता से?" एवढंच. तीन तिकिटं काढून आणली. नाव घेणार का, विचारायची हिंमत झाली नाही.

७ जुलै, रविवार
दुपारी माय गोधडी घेऊन बसली होती, वर्षा शेजारी सुईत दोरा ओवून देत होती. मी पलंगावर, डोळे अर्धवट मिटून. झोपलो नव्हतो.
"ती चिंधी दे व पोरी."
वर्षाने दिली. तिचा हात मध्येच थांबला होता, ते मी पाहिलं. माय उठली, देवासमोर जाऊन दोन्ही कान धरले, परत येऊन बसली. चार टाके घातले. पुन्हा म्हणाली, "चिंधी." या वेळी जरा मोठ्याने, आणि गोधडीत तर चिंधी जोडायची राहिलीच नव्हती.
उद्या साहेबासमोर चिंधी नाही, चिंधा म्हणायचं आहे. पावणेसहाची गाडी. मायने आत्ताच लुगडं काढून ठेवलंय.