एका तिकिटावर सौ. फुकट

सेक्टर २४, चंडीगड
२५ नोव्हेंबर २००४

ती. कृष्णकांतदादा यांस श्यामकांतचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा आणि वहिनींचं पित्त कसं आहे ते कळवावं. ती. आईंना पाठवलेलं खोकल्याचं औषध हे सरबत नाही, तेव्हा त्यांनी ते आल्यागेल्याला देऊ नये, असं जावयाच्या वतीनं हात जोडून सांगावं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘विमान किती वाजता उतरतं?’ याखेरीज दुसरं काही विचारत नाही. तुम्ही सुमोवाल्याला हार देऊन मुंबईच्या विमानतळावर धाडण्याआधी उत्तर तुमच्या हातात पडावं म्हणून कळवतो, की विमान उतरेल, पण त्यात आम्ही नसू.

हे कसं घडलं ते सविस्तर सांगतो. ऑगस्टमध्ये आमच्या विभागात इंद्रजित नावाचा टाय घातलेला एक तरुण आला. (मी औषधशास्त्र शिकवतो. टायवाला तरुण आला की तो गोळ्या विकायला आलाय असं धरून आम्ही त्याला खुर्ची देतो आणि त्याच्याकडून पेन घेतो.) यानंही पेन दिलं, पण गोळ्यांऐवजी क्रेडिट कार्ड काढलं. या कार्डावर स्वतःचं विमानाचं तिकीट काढलं की सोबत्याचं तिकीट फुकट! सही घ्यायला तो संध्याकाळी घरी आला आणि वसुधा चहा ठेवत असताना मोठ्यानं म्हणाला, “सर जी, टिकट आपका, मॅडम बिल्कुल फ्री!” त्यावर आतून वसुधा म्हणाली, “मी लग्नापासून फुकटच आहे, त्यात नवीन काय?” इंद्रजितला मराठी येत नाही, म्हणून तो खूश होऊन हसला. दादा, खरं सांगतो, मी त्या कार्डाला भुललो तो फुकटेपणानं नाही. वसुधानं विमान आतून कधी पाहिलेलं नाही. आईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्या लेकीला विमानानं घेऊन यावं, एवढी एकच हौस मला होती, आणि अजूनही आहे.

कार्ड आलं, त्याच्यामागून आठवड्यानं अटींची पुस्तिका आली. औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद फेकू नका, अपाय त्यात लिहिलेले असतात, हे मी दरवर्षी वर्गात घसा ताणून सांगतो. मीही फेकला नाही. मी ती पुस्तिका ड्रॉवरमध्ये अगदी नीट ठेवली. आमच्या अपूर्वानं ती काढून वाचली आणि म्हणाली, “बाबा, कंडिशन्स तो पढ़ लेते, यार.” (जन्मल्यापासून मराठी ऐकतेय, पण बापाची अक्कल काढायची तर तिला हिंदीच लागते.) पहिलीच अट अशी निघाली, की सोबती फुकट व्हायला आधी कार्डावर भरघोस खरेदी हवी, आणि त्या खरेदीत पेट्रोल आणि सोनं धरत नाहीत. आमचा वाणी कार्ड म्हटल्यावर ते उलटसुलट करून पाहतो आणि परत देतो. मग मी मायक्रोवेव्ह घेतला. त्यात वसुधा सध्या पापड ठेवते, कारण दार घट्ट लागतं. त्यानंतर व्यायामाची सायकल घेतली. तिच्यावर टॉवेल उत्तम वाळतात.

खरेदी पुरी होऊन आम्ही पात्र ठरलो तेव्हा कळलं की चंडीगडहून विमान धरता येत नाही, ते दिल्लीहूनच धरायचं. तेही फक्त मंगळवारी आणि बुधवारी. त्यातही सणवार, लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस वर्ज्य. दादा, आपल्या पंचांगात इतके अशुभ दिवस नाहीत! ऑक्टोबरात मी फोन करून आईंची पंचाहत्तरी मंगळवारी घ्या म्हणालो, तेव्हा तुमच्या मागून आईंचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, मी शुक्रवारी जन्मले, आता काय करू?” तो आग्रह माझा नव्हता, तो पुस्तिकेचा होता, एवढाच खुलासा आज करतो. शेवटी आदल्या मंगळवारी यायचं आणि वर्ज्य दिवस संपेपर्यंत तुमच्याकडेच मुक्काम करायचा, असा तोडगा मी काढला. (म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा. वहिनींना विचारायचं राहून गेलं.) सेक्टर सतरातला तिकीटवाला सरदार मात्र म्हणत होता, की एक तिकीट पूर्ण भावानं घेऊन दुसरं फुकट मिळवण्यापेक्षा सवलतीतली साधी दोन तिकिटं स्वस्त पडतील. मी त्याला विचारलं, की मग त्यात फुकट काय मिळालं? त्यावर त्यानं मला पाणी दिलं.

खरा घोळ पुढेच आहे. तिकीट नोंदवायला फोन केला. आपला फोन आम्हाला फार मोलाचा आहे, असं एक बाई मला परत परत सांगत होत्या आणि फोन मात्र कुणी उचलत नव्हतं. अखेर एका मुलीनं उचलला. सोबत्याचं नाव तिनं तपासलं आणि विचारलं, “सर, ये सौ कौन हैं?” माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. अर्जात सोबत्याचं नाव लिहायला चौकटी होत्या. मी आपल्या वळणाप्रमाणे ‘सौ. वसुधा श्यामकांत टेंभेकर’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांच्या संगणकानं पहिलं नाव ‘सौ’ धरलं, आडनाव ‘वसुधा’ धरलं आणि पुढचं जागा संपली म्हणून सोडून दिलं. मी तिला हिंदीत समजावलं, की ‘सौ’ हे नाव नाही, आमच्याकडे प्रत्येक लग्न झालेल्या बाईच्या आधी सौ लागतात. तिनं ऑफरचा नियम पुन्हा वाचून पाहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “सर, ऑफर में एक ही कंपॅनियन अलाउड है. सौ नहीं.”

नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र हवं. जिल्हा कोर्टाबाहेर झाडाखाली टंकलेखकानं ते करून दिलं. ‘मैं, वसुधा उर्फ सौ’ अशी सुरुवात वाचून वसुधा म्हणाली, की आता फक्त माझा चौकीत फोटो लावायचा राहिलाय. तरीही तिनं सही केली. (तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सही करताना ती बोलत नाही, पण पेनाचं टोपण फार जोरात लावते.) महिन्यानं कंपनीचं उत्तर आलं. दुरुस्ती मान्य! श्रीमती सौ यांच्या जागी श्रीमती वसुधा यांची नोंद झाली आहे. मात्र श्रीमती वसुधा या नवीन सोबती असल्यामुळे सहा महिने त्यांना प्रवास करता येणार नाही. दादा, ज्या बाईबरोबर मी पंचवीस वर्षं संसार केला, ती माझी सोबतीण आहे की नाही हे आता कंपनी जूनमध्ये ठरवणार.

तेव्हा मी ग्राहक मंचाकडे तक्रार केली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. योगायोग असा, की सुनावणीची तारीख नेमकी १७ डिसेंबर, आईंच्या पंचाहत्तरीचाच दिवस. आता प्रश्न विमानाचा राहिलेला नाही, तत्त्वाचा आहे. म्हणून वसुधा एकटी झेलम एक्सप्रेसनं येईल. मी तिला अंबाल्याला गाडीत बसवून देईन. गाडी थेट तुमच्या नगरला थांबते, त्यामुळे सुमो लागणार नाही. जावई का आला नाही हे आईंना तुम्हीच सांगा, मला त्यांना फोनवर सांगवत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
श्यामकांत

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. आमच्या लग्नाची निमंत्रणपत्रिका तुमच्या लोखंडी ट्रंकेत असेल, ती रजिस्टर पोस्टानं लगेच पाठवा. ‘सौ.’ ही मानाची पदवी आहे, याचा लेखी पुरावा वकिलाला हवा आहे.

आणखी ता. क. : आत्ता आठवलं, पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ असतं. तसं असेल तर मुळीच पाठवू नका. तिथे आणखी दोघी निघतील.

(हे पुढचं मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं.) दादा, सुमो नगर स्टेशनवर पाठव, आणि मोठी पाठव. झेलमची दोन तिकिटं मी ऑक्टोबरातच काढून ठेवली आहेत, शेजारशेजारची. ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर तत्त्व मध्ये येईल. ह्यांची बॅग माझ्या बॅगेखाली भरून ठेवली आहे. सुनावणीला अपूर्वा जाईल, वकिलाशी तिचं बोलणं झालंय. हे मला अंबाल्याला सोडायला येतील, दरवर्षी येतात. खिडकीतून पाण्याची बाटली देतात आणि गाडी हलली की हात करतात. दरवर्षी मी दिल्लीपर्यंत कुणाशी बोलत नाही. मला विमान नको होतं रे, पण हे इतक्या हौसेनं धावत होते की म्हणवलं नाही. या वेळी बाटली द्यायला आले की म्हणणार आहे, आत येऊन ठेवा. आले की उतरू देणार नाही.

आईला सांग, दोघं येतोय.

— वसुधा