नुसत्या साखरेच्या गोळ्या

प्रिय दादा,

तुला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, मेसचं जेवण पोटभर मिळतं. वजन जरा उतरलंय, पण ते अभ्यासामुळे.

होमिओपॅथीचं मूळ तत्त्व असं शिकवतात, की निरोगी माणसाला औषध जो त्रास देतं, तसाच त्रास ते आजारी माणसाचा घालवतं. म्हणून औषधाची परीक्षा निरोगी लोकांवर करायची, म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांवर. मीही गोळ्या घेतल्या आणि काय होतं ते सरांना सांगत गेले. अन्नावरची वासना उडाली, घशात आवंढा अडकून राहतो, दार वाजलं की छातीत धस्स होतं. मैत्रिणी म्हणाल्या, तुला औषध चांगलंच चढलंय.

काल सरांनी उलगडा केला. ताडून बघण्यासाठी काही जणांना मुद्दाम औषधाविना गोळ्या देतात. माझ्या बाटलीत नुसती साखर होती. वर्ग हसला, मीही हसले. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

मी म्हटलं, "आई. पण आता बरी आहे. दादा तसं कळवतो."

दादा, पूर्वी तुझ्या पत्राखाली आई स्वतः दोन ओळी लिहायची. आता तिचा आशीर्वाद तूच लिहितोस. तिला पेन धरवत नाही का? उठून बसवतं का?

मला साखर देऊ नकोस. पिशवी भरून ठेवली आहे. उशीर झाला असेल, तर तेही लिही.

तुझी,
धाकटी